बूट सेटिंग दुरुस्त करूनही पुन्हा बिघडतंय? आधी विसरतंय कोण ते बघा

"कालच नीट करून आणला होता, आज परत तेच." कर सल्लागाराचं ऑफिस असो, झेरॉक्सचं दुकान असो नाहीतर आपले सरकार सेवा केंद्र, हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. त्यावरचा इलाजही ठरलेला: फॉरमॅट मारा, नवीन विंडोज टाका. मशीन काही दिवस गुण्यागोविंदानं चालतं आणि एखाद्या सोमवारी सकाळी काळ्या पडद्यावर पुन्हा 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. टॅलीचा डेटा, प्रिंटरचे ड्रायव्हर, सही करायच्या टोकनचं सॉफ्टवेअर, सगळं पुन्हा बसवायचं. पैसे जातात ते वेगळेच.

बूटचा बिघाड एकदाच आला तर तो निस्तरून विसरून जावं. पण तोच पुन्हा येत असेल, तर दुरुस्ती चुकीच्या जागी झालेली असण्याची शक्यता फार मोठी. मशीन कुठून सुरू व्हायचं याची माहिती एका जागी नसते, तीन जागी असते. पहिली बायोसची (मशीन चालू होताच, विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची) सेटिंग, म्हणजे हार्ड डिस्क कुठल्या पद्धतीनं वाचायची, जुन्या पद्धतीनं बूट करायचं की यूईएफआय या नव्या पद्धतीनं, वगैरे. दुसरी बूट करायच्या गोष्टींची यादी आणि तिचा क्रम; हीसुद्धा मदरबोर्डवरच असते. आणि तिसरी डिस्कवरची बीसीडी नावाची फाइल, म्हणजेच विंडोजचं बूट कॉन्फिगरेशन. एक्सपीच्या काळात हे काम बूट डॉट आयएनआय नावाची साधी मजकुराची फाइल करायची, नोटपॅडमध्ये उघडून बदलता यायची. व्हिस्टापासून तिच्या जागी बीसीडी आली. ती नोटपॅडमध्ये उघडत नाही, म्हणून लोक तिला घाबरतात, आणि घाबरतात म्हणूनच यूट्यूबवर दिसेल ती कमांड डोळे मिटून मारतात.

माझा अनुभव असा की परत परत येणाऱ्या तक्रारींत बीसीडी बहुतेक वेळा निर्दोष असते. विसरतो तो बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड; त्याच्यावरचा बटणासारखा छोटा सेल संपला की घड्याळही चुकतं आणि सेटिंगही जातात. म्हणून तपासणी वरून खाली करायची, बीसीडीला हात सर्वांत शेवटी. (आणि त्याही आधी मागे-पुढे लावलेले पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर काढून एकदा चालू करून बघा. हसू नका, एवढ्यानंही काम होतं.)

घड्याळ बघा, पण विंडोजमधलं नको

मशीन चालू करताना डेस्कटॉपवर बहुधा डिलीट, लॅपटॉपवर एफ २ किंवा एफ १० दाबून बायोसमध्ये शिरा आणि तारीख बघा. विंडोजच्या कोपऱ्यातली तारीख पुरावा म्हणून चालत नाही, कारण नेट असेल तर विंडोज कधी कधी वेळ आपली आपण दुरुस्त करून घेतं आणि मूळ दुखणं झाकलं जातं. बायोसमध्ये तारीख एकदम काही वर्षं मागची, वर्षाच्या पहिल्या दिवसाची वगैरे दिसली, तर निदान जवळजवळ झालंच. बँकेची किंवा जीएसटीची साइट उघडताना 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' असं अधूनमधून येत असेल, तर तेही याच घराण्यातलं लक्षण. तारीख चुकली की साइटची प्रमाणपत्रं मुदतीत बसत नाहीत. चालू करताना 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड' किंवा 'प्रेस एफ १' असं दिसलं, तर मशीननं स्वतःच कबुली दिली म्हणायचं.

शंका असेल तर ही चाचणी घ्या. बायोसमध्ये तारीख-वेळ बरोबर लावा, सेव्ह करा, मशीन बंद करा आणि भिंतीवरचं मेन बटणही रात्रभर बंद ठेवा. सकाळी आधी बायोस उघडा. तारीख गेली असेल तर सेल संपला.

मेन बटणाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. डेस्कटॉप बंद असला तरी बटण चालू असेल तर एसएमपीएसमधून (डब्यातल्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून) बोर्डाला थोडा स्टँडबाय पुरवठा मिळत राहतो आणि सेलवर भार येत नाही. आपल्याकडे ऑफिस बंद करताना, पावसाळ्यात तर विजांच्या भीतीनं, सगळी बटणं बंद करायची शिस्त असते. शिस्त चांगलीच आहे, ती मोडा असं मी म्हणणार नाही. पण त्या मशीनचा सेल रात्री, रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत एकटाच घड्याळ चालवत असतो आणि लवकर संपतो. सोमवारी सकाळीच बिघाड का येतो, याचं कोडंही इथंच सुटतं: दीड-दोन दिवस मेन बंद होतं.

एक वेगळी केस आधीच बाजूला काढू. मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील आणि विंडोजचं घड्याळ नेमकं साडेपाच तास मागे दिसत असेल, तर सेल बदलू नका. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. भारतातला फरक साडेपाच तासांचा, म्हणून आकडा तोच येतो. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल, सेट-लोकल-आरटीसी, एक' ही कमांड दिली की दोघांचं जमतं.

सेल बदलताना

बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ असतो: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजा. नवा सेल ३ च्या थोडा वर दाखवतो. २.७ च्या खाली गेलेला सेल मी ठेवत नाही, मग घड्याळ चालत असलं तरी. पण नुसत्या मोजमापावर सगळं सोडू नका, कारण भार नसताना म्हातारा सेलही बरा आकडा दाखवतो. रात्रीची चाचणी मीटरपेक्षा खरी.

सेल काढण्याआधी, मशीन जर सध्या नीट बूट होत असेल, तर बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. बूट, सटा, सीएसएम, सिक्युअर बूट, टीपीएम ही पानं तर नक्कीच. सेल निघाला की हे सगळं मूळपदावर जाणार आहे, आणि मूळपद म्हणजे त्या बोर्डाच्या कारखान्याला जे योग्य वाटलं ते. तुमच्या विंडोजला काय योग्य ते त्याला माहीत नसतं. मग वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, बाजूची क्लिप हलकेच ढकला, सेल वर उसळतो. नवा बसवताना अक्षरं असलेली, अधिक चिन्हाची बाजू वर. खोबणीतल्या पत्र्यावर हिरवट-पांढरा थर दिसला तर तो खरवडून साफ करा. कोकणात, किनाऱ्यालगत हा थर नेहमी भेटतो, आणि तो राहिला तर नवा सेलही जुन्यासारखाच वागतो.

नवा सेल टाकूनही तारीख जात असेल तर बोर्डावरचा सीमॉस (बायोसची सेटिंग जपणारी मेमरी) क्लिअर करायचा जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, बघा. कुणीतरी कधीतरी सरकवून तसाच ठेवलेला असतो. लॅपटॉपमध्ये हा सेल काळ्या आवरणात, दोन वायरींच्या टोकाला असतो, आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपांत तो नसतोच. घड्याळ मुख्य बॅटरीवर चालतं. तिथं हे घरी करण्यात शहाणपण नाही.

तारीख टिकतेय पण सेटिंग जातात, असंही होतं. मशीन चालू होता होताच वीज गेली, आली, पुन्हा गेली, की काही बोर्ड समजतात की आपल्याला दिलेली सेटिंग झेपली नाही, आणि सुरक्षित मूळ सेटिंगवर येतात. 'ओव्हरक्लॉकिंग फेल्ड' असा संदेश येतो आणि बिचारा मालक म्हणतो, मी तर काहीच केलं नाही. त्याचं खरंच असतं. रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं चालवायची सेटिंग) चालू असलेल्या मशीनवर हे जास्त होतं. इथं सेल नको, यूपीएस हवा. यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली असेल तर ती आधी.

मूळ सेटिंगवर गेल्यानं विंडोज का चालत नाही

खरा घोळ इथं आहे. बोर्ड विसरला तर फार तर बूटचा क्रम बदलेल, असं लोकांना वाटतं. क्रम बदलणं ही त्यातली सर्वांत साधी गोष्ट. यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' वर आणलं की संपलं. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर लिनक्सचा ग्रब मेन्यू (चालू करताना विंडोज की लिनक्स ते विचारणारा) गायब झाला तरी आधी इथंच बघा. ग्रब बहुधा डिस्कवर जागच्या जागी असतो, फक्त यादीत खाली ढकललेला असतो.

दुसरी शक्यता सीएसएमची, म्हणजे यूईएफआय बोर्डावर जुन्या पद्धतीनं बूट करू देणाऱ्या सेटिंगची. विंडोज जुन्या पद्धतीच्या एमबीआर डिस्कवर बसवलेलं असेल आणि बोर्ड विसरून नुसत्या यूईएफआयवर गेला, तर त्याला डिस्कवर बूट करण्यासारखं काही दिसतच नाही. उलट प्रकारही होतो. आपलं विंडोज कुठल्या पद्धतीचं आहे हे मशीन धड असतानाच बघून ठेवावं: रनमध्ये 'एमएसइन्फो ३२' टाइप करा, 'बायोस मोड' या ओळीसमोर 'लेगसी' किंवा 'यूईएफआय' लिहिलेलं असतं. त्याचाही फोटो काढा.

तिसरी आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे सटा मोड. डिस्क आयडीई, एएचसीआय किंवा रेड (एकाहून जास्त डिस्क एकत्र जोडता येणारी पद्धत) यांपैकी एका पद्धतीनं वाचली जाते आणि विंडोज बसवताना जी पद्धत होती, तिचाच ड्रायव्हर बूटच्या वेळी चालू राहतो. बोर्डानं पद्धत बदलली की विंडोजचा लोगो येतो, ठिपके फिरतात आणि निळा पडदा: 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. मग 'ऑटोमॅटिक रिपेअर', ते फसलं की पुन्हा तेच चक्र. लोगो दिसला म्हणजे बोर्डाला डिस्क सापडली, बीसीडीही वाचली गेली. तरीही नेमकं याच वेळी लोक बीसीडी पुसून नवी बनवायला बसतात. त्यानं काही होत नाही, कारण डिस्कवर सगळं शाबूत आहे. बायोसमध्ये जाऊन मोड पूर्वीसारखा करा, विंडोज जणू काही झालंच नाही अशा थाटात उघडतं.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत याचाच भाऊ व्हीएमडी या नावानं भेटतो. तो चालू-बंद झाला की तोच निळा पडदा. आणि विंडोज नव्यानं टाकायला गेलात तर डिस्कच दिसत नाही, मग दुकानदार म्हणतो एसएसडी गेली. ती गेलेली नसते.

पूर्वीचा मोड कुठला होता आठवत नसेल तर एकेक करून बघा, डेटाला धक्का लागत नाही. मात्र रेडमध्ये खरोखरच दोन डिस्क जोडलेल्या असतील, तर तिथं प्रयोग नकोत.

आता बीसीडी

बोर्डाची स्मरणशक्ती ठणठणीत आहे याची खात्री झाली, तरच इथं या. आणि आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करून कुलूपबंद ठेवणारं साधन, बघा. नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन-इन केलं की डिस्कचं एन्क्रिप्शन मालकाला पत्ता न लागता सुरू झालेलं असतं. बूटची सेटिंग बदलली की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती त्या खात्याच्या साइटवर 'डिव्हाइसेस'मध्ये मिळते. खातं कुणाच्या ईमेलनं काढलंय हेच ठाऊक नसेल तर आधी त्याचा छडा लावा. विंडोज चालू असेल तर बिटलॉकर तेवढ्यापुरतं सस्पेंड करा. सेल बदलतानाही हाच नियम.

पुढच्या कमांड फोनवर सांगाव्यात तशा लिहितो. टाइप अर्थात इंग्रजीतच करायच्या, ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये. पॉवरशेलमध्ये महिरपी कंसाचा अर्थ वेगळा लागतो आणि कमांड रुसते, तिथं तो भाग अवतरणचिन्हांत घालावा लागतो. त्यापेक्षा साधा प्रॉम्प्ट बरा.

पहिलं काम प्रत काढण्याचं: 'बीसीडीएडिट, स्पेस, स्लॅश एक्स्पोर्ट, स्पेस, डी कोलन बॅकस्लॅश बीसीडीप्रत'. काही फसलं तर एक्स्पोर्टच्या जागी इम्पोर्ट. एवढ्या एका ओळीनं निम्मी भीती संपते.

मग नुसतंच 'बीसीडीएडिट' लिहून एंटर मारा आणि जे दिसतं ते वाचा. वरचा गट विंडोज बूट मॅनेजरचा: त्यात 'डिफॉल्ट' कोण आणि 'टाइमआउट' किती. खाली प्रत्येक विंडोजचा एक गट. त्यात 'डिव्हाइस' आणि 'ओएसडिव्हाइस' या दोन ओळी बघायच्या. तिथं 'पार्टिशन इज इक्वल टू सी कोलन' असेल तर ठीक. 'अननोन' असेल तर ती नोंद ज्या पार्टिशनकडे बोट दाखवते ते आता जागेवर नाही. डिस्क बदलताना किंवा क्लोन करताना हे होतं.

चालू केल्यावर दर वेळी 'चूज ॲन ऑपरेटिंग सिस्टिम' येऊन ३० सेकंद थांबतं, ही तक्रार सर्वांत सौम्य. कधीतरी दुसऱ्या पार्टिशनवर विंडोज मारलं होतं, ते पुसलं, पण नोंद राहिली. त्यासाठी कमांडही नको. रनमध्ये 'एमएसकॉन्फिग', बूटचा टॅब, ज्या नोंदीपुढे 'करंट ओएस' लिहिलेलं नाही ती निवडून डिलीट. दोन्ही नोंदी खरोखर लागत असतील तर टाइमआउट कमी करा. ही खिडकी ३ सेकंदांच्या खाली जाऊ देत नाही.

त्याच टॅबमध्ये 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आहे आणि तिथं 'नंबर ऑफ प्रोसेसर्स', 'मॅक्झिमम मेमरी' असे दोन चौकोन आहेत. ते टिक केल्यानं मशीन पळतं अशी एक अफवा वर्षानुवर्षं फिरतेय. ते वेग वाढवत नाहीत, मर्यादा घालतात. ८ जीबीचं मशीन अचानक कमी रॅम दाखवू लागलं, तर रॅम बदलण्याआधी हा चौकोन रिकामा आहे का बघा.

सेफ मोडमधून बाहेरच येत नाही, हीसुद्धा याच टॅबची करामत: 'सेफ बूट' टिक करून काढायचं राहिलं. तिथं अनेकदा पिन चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो, आणि तो कुणाला आठवत नसतो. विंडोजमध्ये शिरता येत नसेल तर रिकव्हरीतून कमांड प्रॉम्प्ट उघडा: 'बीसीडीएडिट, स्लॅश डिलीटव्हॅल्यू, महिरपी कंसात डिफॉल्ट, सेफबूट'.

हेच सेफबूट एका ठिकाणी फार कामाला येतं. सटा मोड मुद्दाम बदलायचा आहे, उदाहरणार्थ रेडवरून एएचसीआयवर, तर विंडोज पुन्हा टाकायची गरज नाही. आधी 'बीसीडीएडिट, स्लॅश सेट, महिरपी कंसात करंट, सेफबूट, मिनिमल'. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड बदला, सेव्ह. सेफ मोडमध्ये विंडोज नव्या पद्धतीचा ड्रायव्हर स्वतः उचलतं. मग वरचीच डिलीटव्हॅल्यू, फक्त डिफॉल्टऐवजी करंट, आणि साधा रीस्टार्ट. पासवर्ड हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नका, एवढंच.

बीसीडी खरंच गेली असेल तेव्हा

पडद्यावर स्पष्टच येतं की बूट कॉन्फिगरेशन डेटा सापडत नाही किंवा त्यात चूक आहे. विंडोजच्या इन्स्टॉल पेन ड्राइव्हवरून चालू करा, 'रिपेअर', मग कमांड प्रॉम्प्ट. इथं लोक 'बूटरेक, स्लॅश फिक्सबूट' देतात आणि यूईएफआय मशीनवर बहुधा 'ॲक्सेस इज डिनाइड' मिळतं. तिथं डोकं आपटू नका. 'डिस्कपार्ट' उघडा, 'लिस्ट व्हॉल्यूम' द्या. फॅट ३२ असलेला, बहुधा १०० एमबीच्या आसपासचा व्हॉल्यूम शोधा (पेन ड्राइव्हही फॅट ३२ असतो, आकार बघून निवडा). तो सिलेक्ट करा, 'असाइन लेटर इज इक्वल टू एस', एक्झिट. मग 'बीसीडीबूट, सी कोलन बॅकस्लॅश विंडोज, स्लॅश एस, एस कोलन, स्लॅश एफ, यूईएफआय'. नवी बीसीडी आणि बूटच्या फाइल दोन्ही तयार होतात.

इथं एक सापळा आहे. रिकव्हरीत ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. तुमचा 'सी' तिथं 'डी' किंवा 'ई' असेल. 'लिस्ट व्हॉल्यूम'मध्ये आकार बघा आणि 'डीआयआर' देऊन 'विंडोज' नावाचा फोल्डर कुठं आहे याची खात्री करा. प्रॉम्प्टवर दिसणारा 'एक्स' हा रिकव्हरीचा स्वतःचा तात्पुरता ड्राइव्ह, त्याच्या नादी लागू नका. आणि जुन्या एमबीआर मशीनवर लिनक्सही असेल तर 'फिक्सएमबीआर' टाळा, ते ग्रबवरच लिहितं.

हे करूनही काही दिवसांत बीसीडी पुन्हा गेली, बोर्डाचं घड्याळ मात्र बरोबर आहे, तर संशय डिस्कवर. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉशन' दिसतंय का, 'रिअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टरांचा आकडा वाढतोय का ते बघा. सटाची केबल बदलून बघायला हरकत नाही, स्वस्त असते. आकडा वाढत असेल तर त्या डिस्कवर चेकडिस्कही चालवू नका. ती दुसऱ्या मशीनला जोडून आधी टॅलीचा फोल्डर, मग बाकीचा डेटा बाहेर काढा.